सदलग्याच्या पाच पायऱ्या

अनगोळच्या वृद्धाश्रमात दर तीन महिन्यांनी मी प्रत्येकाची हालचाल तपासून नोंदवते. खुर्चीतून आपणहून कोण उठतं, चालताना कोणाला आधार लागतो, पायऱ्या जमतात का. धोंडूबाईंच्या कागदावर मागच्या वेळी मीच लिहिलं होतं, 'पायऱ्या: दोघांचा आधार.'

या वेळी त्या ओळीवरच सगळं अडलं होतं. त्यांची नात प्रणिता त्यांना आठवडाभर सदलग्याला न्यायला येणार होती. घरी ती एकटीच, आणि दारात पाच पायऱ्या. दोघांचा आधार लागणाऱ्याला एका माणसाबरोबर सोडायचं नाही, असा आश्रमाचा नियम.

"एकाचा लिही की गं," धोंडूबाई म्हणाल्या. "तुझं काय जातंय?"

"आधी चढून दाखवा."

पुढच्या दाराच्या दुसऱ्याच पायरीवर त्या थांबल्या. डावा गुडघा थरथरत होता. मदतनीस जयाबाईंनी आणि मी त्यांना दोन्हीकडून धरलं.

"आक्का, गेल्या बारीलाबी हितंच थांबलतासा," जयाबाई म्हणाल्या.

"तू गप गं. तू लई उड्या मारतीस व्हय?"

मी तेच पुन्हा लिहिणार होते. पण त्यांना खाली घेताना लक्षात आलं, त्यांची डावी मूठ अजून मिटलेली होती. मुठीत लुगड्याच्या निऱ्या; त्या डाव्याच हाताने उचलायची त्यांना सवय. चढताना कठडा होता तोही डावीकडेच. तो धरायला हातच उरला नव्हता.

"निऱ्या कमरेला खोचता?"

"आणि पोटऱ्या गावाला दावू? त्यो मष्णू बसलाय बघ तिथं."

वॉचमन मष्णूने घाईघाईने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

स्वयंपाकघरामागच्या पायऱ्यांना लोखंडी पाइप उजवीकडे आहे. तिथे नेल्यावर धोंडूबाई निऱ्या उचलून, पाइप धरून चारही पायऱ्या चढल्या. मी मागे होते, पण हात लावला नाही. एकदा जमलं म्हणजे जमतं असं मी धरत नाही. दहा मिनिटं बसवून पुन्हा चढायला लावलं. पुन्हा चढल्या. उतरताना मात्र पाइप डावीकडे आला, आणि त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

प्रणिताकडून घरच्या पायऱ्यांचा फोटो मागवला. चढताना कठडा उजवीकडे होता.

मी लिहिलं, 'चढताना कठडा उजवीकडे: आधाराशिवाय चढतात, मागे एक माणूस असावा; उतरताना एकाचा आधार. चढताना कठडा डावीकडे: दोघांचा आधार.' जुन्या नोंदीखाली 'तपासणी अपुरी' लिहून सही केली.

"उतरायचं लिवलंस ते खोडून टाक," धोंडूबाई म्हणाल्या. "पडलो का मी?"

"मी होते म्हणून पडला नाहीत."

"असू दे," त्या म्हणाल्या. "पण प्रणिताला नीट शिकीव. एका जागी उभारायची सवय न्हाय तिला."

शनिवारी प्रणिता आली. तिला मागच्या पायऱ्यांवर आजीच्या उजव्या हाताला, एक पायरी खाली उभं केलं आणि तीनदा उतरवून घेतलं. मी 'आणखी एकदा' म्हणाले, तशा धोंडूबाई करवादल्या.

"आता बास कर, बाई! हितंच दमवलीस, तर घरच्या पायऱ्या कोण चढणार?"