आईच्या गुडघ्याला चालेल अशी गाडी

गाडी घ्यायची असेल तर सगळ्या जगाला विचारा, पण ज्याच्या दारात तीच गाडी उभी आहे त्याला विचारू नका. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण माणसांवरून पडली असेल, पण गाड्यांना ती जास्त लागू पडते. गेले दोन महिने मी गाड्यांच्या मालकांशी बोलतोय आणि माझं डोकं उठलंय.

खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. मी लिफ्ट तपासतो. सव्वीस वर्षं इमारतींमधून फिरून लिफ्टचे दोर, दारं आणि ब्रेक बघतो आणि अहवाल लिहितो. कुठल्याही इमारतीत जा, रहिवासी सांगतात, "आमच्या लिफ्टचा काही त्रास नाही." मी आत शिरलो की तोच माणूस तिसऱ्या मजल्यावर दाराला पायाने ढोसतो, सहाव्यासाठी बटण दोनदा दाबतो आणि वर पोहोचल्यावर म्हणतो, "बघा, चालते की नाही?" माणसाला सवय झाली की बिघाड दिसेनासा होतो. नवीन तपासनीस आला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच सांगतो.

गाडी हवी होती ती आईसाठी. मागच्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो पुरता वाकत नाही. आमची गाडी ठेंगणी. आईला आधी पाठमोरं बसावं लागतं, मग मी तिचा पाय उचलून आत घेतो. ऑपरेशननंतर ती चार-पाच वेळा गाडीत बसली आणि मग बाहेर पडणंच बंद केलं. कुठेही चल म्हटलं की एकच उत्तर, "मला घरीच बरं वाटतं रे."

आता इतर कुठे नाही आली तरी चाललं असतं. पण तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, दोन तासांच्या रस्त्यावर राहते. मावशीचा मणका गेलाय, तिला प्रवास बंद. दोघी रोज दुपारी तासभर फोनवर असतात. भाजी काय केली इथपासून कोण मेलं इथपर्यंत सगळं होतं आणि शेवटी मावशी विचारते, "मग कधी येतेस?" आई म्हणते, "येते गं, जरा गुडघा बरा होऊ दे." असे चौदा महिने गेले. एक बहात्तर वर्षांची, एक एकोणसत्तर. किती महिने असे घालवायचे असतात माणसाने?

म्हणून मी निष्कर्ष काढला की दोष गाडीचा आहे, आणि जेवताना जाहीर केलं की आपण सात सीटची व्हॅन घेतोय. उंच छत, रुंद दार, पाय लांब करायला जागा. आई म्हणाली, "कशाला खर्च." बायको म्हणाली, "बघा, तुम्हाला वाटतं तसं." ती असं म्हणते तेव्हा तिला तसं वाटत नसतं हे मला ठाऊक आहे, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

बाजारात दोनच व्हॅन आमच्या कामाच्या होत्या आणि नशिबाने दोन्ही आमच्या नात्यात होत्या. सरकत्या दाराची पांढरी ताईकडे, सहा वर्षं. उंच, करडी साडूंकडे, चार वर्षं. मी म्हटलं, चला, घरचाच अनुभव. कंपनीच्या कागदावर विश्वास ठेवण्यापेक्षा हे बरं.

ताई फोनवर म्हणाली, "सहा वर्षांत काडीचा त्रास नाही." रविवारी वही घेऊन तिच्याकडे गेलो. तिने दाराची कडी धरली, दार किंचित वर उचललं, कमरेने एक धक्का दिला आणि मग ते सरकलं.

"हे काय?" मी म्हटलं.

"काय काय?"

"तू आत्ता दाराला कंबर मारलीस."

"मी कुठे मारली?" ती खरंच गोंधळली होती. मी तिला दार लावून पुन्हा उघडायला सांगितलं. तिने पुन्हा उचललं, पुन्हा धक्का दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "उघडलं की."

मी स्वतः उघडून पाहिलं. दार हललंसुद्धा नाही. तीन वेळा ओढलं, चौथ्यांदा माझ्या तोंडून जे निघालं ते शेजाऱ्यांनी ऐकलं. ताई म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. तुला उघडता येत नाही तर गाडीचा काय दोष?" मग कळलं की तिची मुलं त्या बाजूने उतरतच नाहीत, दोघंही डावीकडून उतरतात आणि का ते त्यांनाही सांगता येईना. मागचा एसी बंद होता. त्यावर ताईचं म्हणणं, मागे बसतं कोण? मी वहीत लिहायला लागलो तशी ती फणकारली, "आमच्या गाडीला शेरा मारायला आलायस का?"

साडूंची तऱ्हा वेगळी. त्यांच्याकडे फाईल होती. चार वर्षांतली प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती तारखेनुसार लावलेली. "साडूभाऊ, डोळे मिटून घ्या ही," ते म्हणाले, "मी काही बोलत नाही, कागद बोलतात." मला बरं वाटलं. म्हटलं, कुणीतरी शिस्तीचा माणूस भेटला. मग आम्ही सगळे गाडीत बसून एक चक्कर मारायला निघालो. मेव्हणीने डिकीतून प्लास्टिकचं स्टूल काढलं, त्यावर पाय देऊन चढली, वाकून स्टूल आत घेतलं आणि मांडीवर ठेवलं. जणू गाडीबरोबर स्टूल येतंच.

कोपऱ्यावर साडूंनी वेग कमी केला. त्याच्या क्षणभर आधी मेव्हणीचा हात वरच्या दांडीला गेला, मागच्या दोन्ही मुलांनी पुढची सीट धरली आणि गाडीने असा हिसका दिला की माझं कपाळ काचेवर आपटलं.

"हे काय होतं?"

"दुसरा गिअर," साडू म्हणाले. "त्याचं काही नाही, जरा धरून बसायचं."

"फाईलमध्ये आहे का हे?"

"यात फाईलमध्ये काय घालायचं?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या कोपऱ्यावर समजलं. ही शिकलेली माणसं. एक कमरेने दार उघडते, दुसरा अख्ख्या कुटुंबाला दांडीला लटकवतो, आणि दोघंही शपथेवर सांगतात की त्रास नाही. घरी येऊन मी तासभर तेच बोलत होतो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. आई उठून आपल्या खोलीत गेली.

शेवटी मी ठरवलं की मालकांचं पुराण बंद. दोन्ही गाड्या एकाच सकाळी आमच्या फाटकासमोर आणायच्या, आईला दोन्हीत बसवायचं आणि तिचा गुडघा काय म्हणतो ते ऐकायचं. ताई आणि साडू दोघंही आले. एकमेकांच्या गाड्यांकडे असे बघत होते, जणू मुलगी दाखवायला आणलीय आणि समोर दुसरं स्थळही बसलंय. मी टेप आणि वही घेऊन उभा होतो.

आईने चपला घातल्या, काठी घेतली आणि सांगितलं तसं करू लागली. आधी पांढरी. दार अडकलं. ताई कंबर घेऊन पुढे झाली, मी तिला मागे हटवलं, म्हटलं, रोज तू थोडीच येणार आहेस उघडायला. मी ओढलं, शिव्या घातल्या, पुन्हा ओढलं. दार उघडेपर्यंत आई काठीवर भार देऊन उभी होती. आत बसली, उतरली. मग करडी. पायरी बेचाळीस सेंटिमीटर निघाली. मी आकडा मोठ्याने वाचला आणि साडूंना विचारलं की ही पायरी माणसांसाठी केलीय की घोड्यांसाठी. बायकोने स्टूल ठेवलं. आई एकेक पाय टाकत चढली, बसली, पाय सरळ लांब केला.

"दुखतं?"

"नाही."

"मग कुठली बरी?"

"दोन्ही छान आहेत."

"आई, दोन्ही छान म्हणजे काय? एकीचं दार उघडत नाही, दुसरी हिसके देते. दोन्ही छान कशा असतील? तुझ्यासाठी दोन महिने मी वणवण करतोय. काहीतरी एक सांग ना."

"अरे, मी काय सांगू?"

"बरं, एवढं सांग. मावशीकडे जायचंय. कुठल्या गाडीतून जाशील?"

आईने काठी दोन्ही हातांत धरली. मग म्हणाली, "बसने जाईन म्हणते."

मला हसावं की रडावं कळेना. "बसने? बसची पायरी बघितलीयस? याच्या दीडपट असते. वर चढायला गर्दी, बसायला जागा मिळेल न मिळेल—"

"पण ड्रायव्हर बोलत नाही," आई म्हणाली.

मला आधी अर्थच लागला नाही. मी विचारलं, कोण ड्रायव्हर?

"गाडी तू कुठलीही घे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. हवा कशी आहे ते सांगावं तसं सांगत होती. "चालवणार तूच ना? तू रस्ताभर बोलतोस. पुढच्याला बोलतोस, मागच्याला बोलतोस, सिग्नलला बोलतोस. मला नाही बोलत, मला माहितीय. पण मी धरून बसते. दवाखान्यातून आलो त्या दिवशी मला उतरायला वेळ लागला, मागे कुणी हॉर्न वाजवला, तर तू त्याच्यावर ओरडलास आणि मला म्हणालास, आवर गं लवकर. त्या दिवशी गुडघा नव्हता दुखत. बाकी सगळं अंग दुखत होतं."

मी ताईकडे बघितलं. तिने आयुष्यात एक संधी सोडली नसेल मला बोलायची, आणि आता ती तिच्या गाडीचा आरसा पुसत होती. साडू फाईल चाळत होते. बायको माझ्याकडे सरळ बघत होती. ती चकित झालेली नव्हती. कुणीच चकित झालेलं नव्हतं.

"मला कुणी सांगितलं का नाही?" मी म्हटलं, आणि ते मी ओरडूनच म्हटलं.

बायको म्हणाली, "हे असं होतं म्हणून."

मला म्हणायचं होतं की रस्त्यावर माणसं कशी चालवतात ते बघा, की मी आजवर कुणाला हात लावलेला नाही, की हे सगळं मी कुणासाठी करतोय. सगळी वाक्यं तयार होती. पण आई गाडीत पाय लांब करून बसली होती आणि तिची बोटं काठीच्या मुठीवर घट्ट आवळलेली होती, आणि ती माझ्यामुळे आवळलेली होती. मी वही बंद केली.

बायकोने साडूंपुढे हात केला. "भावजी, किल्ली द्या. संध्याकाळी आणून देते."

"दुसऱ्या गिअरला जरा—"

"सांभाळते मी." मग आईला म्हणाली, "आई, आहात तशा बसा. मावशींकडे जाऊन येऊ. मी चालवते."

आईने माझ्याकडे बघितलं आणि बायकोला विचारलं, "हा?"

माझ्याच आईने, मी समोर उभा असताना, माझ्याबद्दल असं विचारलं. मी म्हटलं, "मी मागे बसतो."

तिसऱ्या रांगेत माझे गुडघे छातीला लागत होते. बायको हळू चालवते, मला ते कधीच सहन झालेलं नाही, आणि दुसऱ्या गिअरला गाडी हिसके देत होती ते देतच होती. आई मधल्या रांगेत होती. पहिला अर्धा तास ती खिडकीबाहेर बघत होती. मग बायकोला म्हणाली, मावशीला आधी कळवायचं नाही, एकदम दारात उभं राहायचं. बायको हसली. मीसुद्धा हसलो, पण आवाज न करता.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि डाव्या बाजूने एक ट्रक इंडिकेटर न दाखवता सरळ आमच्या पुढे घुसला. बायकोने ब्रेक मारला. मी दात आवळले. एक अक्षर बोललो नाही, देवाशप्पथ एक अक्षरसुद्धा नाही. माझ्या समोर आईची पाठ होती. तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले होते आणि मान आत ओढली गेली होती. ट्रक पुढे निघून गेला, दिसेनासा झाला. बायको पुन्हा मावशीबद्दल काहीतरी बोलायला लागली. आईचे खांदे वरच होते. ती अजून माझ्या आवाजाची वाट बघत होती.