बायाबाईच्या हातातलं वजन

"दहा किलो दोनशे," अंगणवाडीसेविका शुभांगीताईने काटा वाचून मोबाईलमध्ये भरला. "दहाच्या खाली गेला असता, तर लालात होता, अतिकुपोषितांत."

"पाटलाच्या घरचं लेकरू हाय," नातवाला घेऊन आलेल्या रुखमाबाई म्हणाल्या. "लालात कसं जाईल?"

अंगणवाडीच्या मदतनीस बायाबाईने तीन वर्षांच्या मोनूला काट्याच्या झोळीतून उचललं. मदतनीस होण्याआधी तिने कितीतरी वर्षं तळ्यातली मासोळी हातावर तोलून विकली होती. काटा चुकेल, बायाबाईचा हात चुकणार नाही, असं दिघोरी गावात म्हणत. हाताला पायजम्याच्या आत कडक काहीतरी लागलं. आजीचे चांदीचे जाड तोडे, मांड्यांना फडक्याने बांधलेले. अर्धा किलोवर चांदी होती.

तिला हे नवं नव्हतं. मागच्या दोन महिन्यांतही हाताला लागलं होतं. दोन्ही वेळा ती गप्प राहिली होती.

पस्तीस वर्षांपूर्वी बालवाडी पाटलांच्याच पडवीत भरायची. रुखमाबाई तेव्हा त्या घरची नवी सून. दारात उभी राहून म्हणायची, "ढिवराच्या पोरायले पायरीवर बसवा. मासोळीचा वास येते." बायाबाईची गुड्डी पायरीवर बसून राहायची. सुकडी आतल्या पोरांतच संपायची, आणि काटाही आतच टांगलेला. चौथं वर्ष लागलं आणि भात निसवायच्या दिवसांत गुड्डी हगवणीने गेली. तिच्या कार्डावर वजनाचा एक ठिपका नव्हता. बायाबाईने तिला पुरायला तळ्याच्या पाळीपर्यंत स्वतःच्या हातांवर नेलं. ते वजन हातांनी ठेवून घेतलं.

म्हणून ती गप्प होती. मोनूचे आईबाप नागपूरला नोकरीला, आणि आजी त्याला चिप्सच्या पाकिटांवर, चहा-बिस्किटावर वाढवत होती. अंगणवाडीची खिचडी म्हणे गरिबाच्या पोरांची. सुकू दे, बायाबाई मनात म्हणायची. एकदा तिलेही समजू दे.

आज मोनू खाली उतरेना. रडलाही नाही. तिच्या खांद्यावर मान टाकून पडून राहिला. आणि चांदी वजा केली तेव्हा हातांना ते वजन ओळखू आलं. नेमकं गुड्डीएवढंच.

"ताई, ते वजन खोडा."

भर बायकांत तिने मोनूचा पायजमा उतरवला. एकेक तोडा सोडून चटईवर टाकला. खण्णकन आवाज झाला.

"रुखमाबाई, पोरगा चांदी खाते का जी?"

"अवो माय!" मागून सीताबाई हसली. "पाटलाच्या घरी खिचडी चालत नाही, चांदी चालते!"

रुखमाबाईंचं तोंड काळं पडलं. "बाये, मानूस पाहून बोल."

"मानूस पाहूनच बोलून राहिली. पस्तीस वर्षांपासून पाहून राहिली."

काटा पुन्हा हलला आणि दहाच्या खाली थांबला. शुभांगीताई घाबरून म्हणाली, "याले आजच दवाखान्यात दाखवा. आन् मग रोज इथं जेवू द्या."

"आनतो," रुखमाबाई पुटपुटल्या.

"तुमीच आनजा," बायाबाई म्हणाली. "तो आत जेवन. तुमी पायरीवर बसजा."

"कवापर्यंत?"

"काटा बारावर येयेपर्यंत. बिना चांदीचा."

दुसऱ्या दिवसापासून रुखमाबाई पायरीवर बसू लागल्या. उन्हं चढली तरी बायाबाईने आत बोलावलं नाही, की खाली टाकायला गोणपाटाची बोरी दिली नाही. आत मात्र ती मोनूला मांडीवर घेऊन अंडं कुस्करून भरवायची. थुंकलं तर पुन्हा भरवायची. पहिल्या दिवशी दोन घास. पंधराव्या दिवशी त्याने ताटली पुढे केली. "दे ना वो."

रुखमाबाईंना पायरीवर पाहून सुख वाटेल, असं तिला पस्तीस वर्षं वाटत आलं होतं. वाटलंही, पहिले काही दिवस चांगलंच वाटलं.

तिसऱ्या महिन्यात मोनू अकरा भरला. झोळीतून उचलताना बायाबाईचे हात क्षणभर थांबले. पोर जड झालं होतं. तिने हातांवर गुड्डीचं वजन शोधून पाहिलं. ते आता सापडेना.

तिने मोनूला खाली ठेवलं, कोपऱ्यातली बोरी घेतली आणि पायरीवर नेऊन टाकली.