बिडाचा तवा तडकतो कसा

टण्ण! तापून लाल झालेला तवा मधोमध तडकला आणि भांडेवाल्याच्या स्वयंपाकघरात कोंबलेली गर्दी एकदम ओरडली, "गेली! पीडा गेली!"

तवेवाल्या बाबाने तांब्यातलं उरलेलं पाणी स्वतःच्याच डोक्यावर शिंपडलं. "सात पिढ्यांची होती, बाई! पोरीच्या डोक्यात बसली होती, ती ओढून तव्यात घातली. लोखंडाला सोसली नाही, तर लेकराला कशी सोसणार?"

तवा तडकला की पीडा गेली, नाही तडकला की घरावर कृपा आहे. बाबाचं म्हणणं कधी खोटं ठरायचंच नाही. चित भी मेरी, पट भी मेरी! पण वहिनीला तेव्हा हे कुठलं सुचायला? सगळं गाव भांडेवाल्याच्या बायकोला वहिनीच म्हणे. तिच्या लेकीला फिट यायची. वहिनीने शेजारी पाहिलं. नवरा हात जोडून, डोळे मिटून उभा होता. एरवी देवाधर्माला नाक मुरडणारा माणूस! मग तिचाही उरलासुरला संशय फिटला.

निघताना बाबा तिच्या कानाशी पुटपुटला, "आता गोळ्या बंद. आणि कुणाला सांगू नको, सांगितलंस की गुण जातो."

तिने सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

आठवडा जेमतेम सरला आणि पोर शाळेच्या जिन्यावरून फिट येऊन कोसळली. कपाळाला टाके घालून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?" वहिनीने रडत सगळं सांगितलं.

"तव्याचा आणि मेंदूचा संबंध काय, ते मला शिकवा जरा," बाई कडाडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. जा, यजमानांना बोलावून आणा."

वहिनी धावत दुकानाशी आली. नवरा एका गिऱ्हाइकाला तवा बांधून देत होता. "ताई, बिडाचा आहे, ओतीव लोखंडाचा. उष्णता छान धरून ठेवतो, जपलात तर नातवंडं वापरतील. फक्त तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका हं, तडकेल."

वहिनीचा पाय उंबऱ्यावरच राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"अगं, धंदा आहे," तो नजर चुकवत म्हणाला. "बाबा तवे फोडतो, लोक आपल्याकडून नवे नेतात. कुणाचं काय बिघडतं?"

"पोरीच्या कपाळाला टाके पडलेत! मी गोळ्या थांबवल्या होत्या."

"तू थांबवशील हे मला काय ठाऊक!"

"बाबा लबाड, तो परका. पण तुम्ही माझ्या शेजारी हात जोडून उभे होतात. मी तुमच्याकडे बघून विश्वास ठेवला हो!"

लेक घरी आली. दोन दिवसांनी बाबा शेजारच्या शिंपीणबाईंच्या घरी त्यांचा दमा उतरवायला आला, तेव्हा जमलेल्या गर्दीपुढे वहिनी शेगडी, दोन तवे आणि नवरा घेऊन हजर झाली. एक तवा बिडाचा, एक पोलादी. दोन्ही चांगले तापवले. फ्रीजमधलं पाणी आधी पोलादी तव्यावर ओतलं. चर्र झालं, वाफ उठली, बस. मग बिडाच्या तव्यावर ओतलं. टण्ण!

"हिच्याच अंगात शिरली पीडा!" बाबा किंचाळला.

"पाणी साधं नळाचंच, फ्रीजमध्ये गार केलेलं आहे, बाबा. मंत्र मला एकही येत नाही." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, सांगा. रोज गिऱ्हाइकाला सांगता तेच सांगा."

भांडेवाला खाली मान घालून बोलू लागला. बिडात कार्बन जास्त, म्हणून ते कडक पण ठिसूळ. गार पाणी पडलेली जागा झटकन आकसते, आजूबाजूचा भाग तापून फुगलेलाच राहतो. ही ओढाताण बिडाला सोसत नाही. पोलादात कार्बन कमी, ते थोडं ताणलं जातं, वाकतं, पण तुटत नाही. "यात बाबाचं काहीच नाही," तो म्हणाला. "मला पहिल्या तव्यापासून माहीत होतं."

गर्दी खवळली. बाबाने तांब्या तिथेच टाकून मागच्या दाराने धूम ठोकली.

"मग माझ्या दम्याचं काय गं?" शिंपीणबाईंनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"डॉक्टरकडे चला, मी येते सोबत," वहिनी म्हणाली. "आणि काकू, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी 'हे झालं कसं' एवढं विचारा. बाबाला विचारा, मला विचारा, घरच्या माणसालाही विचारा. मी घरच्यालाच विचारलं नाही, त्याची खूण माझ्या लेकीच्या कपाळावर आहे."