बिळातली काडी

नवरा-बायको दोघंही खेकड्यांच्या मागे हात धुऊन लागलेले. ओहोटी लागली की वाळूत फतकल मारून बिळांबाहेरच्या गोळ्या मोजायच्या, हा यांचा संसार. किनाऱ्यावरचा हा खेकडा वाळू तोंडात घेतो, तिला चिकटलेलं शेवाळ चाटूनपुसून खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. ताज्या गोळ्या दिसल्या, की घरात कुणीतरी जेवतंय असं समजायचं.

बिळाचा आकार हवा असेल तर आत प्लास्टर ओतून साचा काढायचा. पण आधी गवताची काडी आत सोडून दोन दिवस थांबायचं, हा नवऱ्याचा नियम. खेकडा घरात कचरा ठेवत नाही. काडी बाहेर आली, तर त्या बिळाला हात लावायचा नाही.

आठ महिन्यांपूर्वी नवरा होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो सापडला नाही.

भाऊ बुडाला असा कागद घेऊन दीर तीनदा येऊन गेला. माणूस भला, उगीच घाई करणारा नव्हे. खेकड्यांवरच्या दोघांच्या पुस्तकासाठीचा शेवटचा साचा झाला की सही करते, असं तिनं कबूल केलं. दारापाशी कुणीतरी पाय झटकून वाळू पाडतंय, असा आवाज तिला रोज येतो, हे मात्र सांगितलं नाही. उंबऱ्यावर कधी चिमूटभर वाळू असे. आपल्याच पायाची, अशी ती मनाची समजूत घाली.

शेवटच्या बिळापाशी गोळ्या नव्हत्या. काडी बाहेर आली नाही. तिनं चार दिवस वाट पाहिली आणि प्लास्टर ओतलं.

दीर कागद घेऊन टेबलाशी बसला होता, तेव्हा ती साचा घासत होती. खालचं टोक जाड लागलं. ते तिनं टोकरलं. आत खेकडा होता, कात टाकून मऊ पडलेला. अशा दिवसांत तो खात नाही, हलत नाही, बिळाच्या तळाशी गुपचूप बसून राहतो. हे ती दुसऱ्यांना शिकवत आली होती. त्याच्या नांगीत काडी होती. ती त्यानं धरून ठेवली होती.

"वहिनी, सही करताय ना?"

"भाऊजी, चाहूल लागली नाही म्हणून घर रिकामं, असं मीच ठरवून टाकलं." तिनं साचा टेबलावर ठेवला. "पुन्हा नाही ठरवणार."

दिरानं कागदाची घडी घातली. तेवढ्यात दारापाशी कुणीतरी पाय झटकले. ती जागची हलली नाही. दिरानंच मान वळवून दाराकडे पाहिलं.