हिवाळ्यात क्रिल काय खातो?

घरात तिला सगळे शेवाळबाई म्हणायचे. नाव नवऱ्यानं पाडलेलं, आणि तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. तिची सगळी नोकरी ध्रुवाकडच्या समुद्रातल्या शेवाळावरच गेली होती. भांडण मात्र एकच, तेही तिच्या सरांशी. क्रिल म्हणजे कोळंबीसारखा बोटभर जीव. त्याला मासे खातात, पेंग्विन खातात, देवमासेही खातात. पण सूर्य उगवायचं नाव घेत नाही अशा हिवाळ्यात क्रिल स्वतः काय खातो? ती म्हणायची, बर्फाच्या तळाला चिकटून वाढलेलं शेवाळ. सर म्हणायचे, छे, उन्हाळ्यात मोकळ्या पाण्यात वाढून समुद्राच्या तळाशी साचलेलं. सर निवृत्त झाले, तरी दोघंही हटायला तयार नव्हती.

त्या सकाळी प्रयोगशाळेतल्या यंत्रानं आकडे दिले आणि ती चक्रावली. खाल्लेल्या शेवाळाची खूण चरबीत उरते; हिवाळ्यात पकडलेल्या क्रिलच्या चरबीत मात्र बर्फातल्या शेवाळाची खूण जवळजवळ नव्हतीच. तिनं नमुना पुन्हा लावून पाहिला. यंत्र आपल्या म्हणण्यावर ठाम. म्हणजे सरांचंच खरं. ती तशीच उठून त्यांच्या घरी गेली.

सर सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. तिनं चाचरत हार कबूल केली. सरांचा चेहरा खुलायचा सोडून उतरलाच.

“असं कसं होईल?” ते म्हणाले. “माझं चुकलं, तुझं बरोबर होतं, असं मी परवाच सगळ्या सहकाऱ्यांना कळवून बसलोय.”

झालं असं, की वेळ जात नाही म्हणून त्यांनी हिवाळ्यातल्या क्रिलच्या जुन्या काचपट्ट्या काढल्या होत्या. जी पोटं त्यांनी तेव्हा रिकामी समजून बाजूला टाकली, त्यांत शेवाळाची काचेसारखी बारीक कवचं होती. सरांच्या मते बर्फातल्या शेवाळाची. तिनं डोळा लावला, तर तिला ती मोकळ्या पाण्यातल्या शेवाळाची वाटली. नीट बघ, सर म्हणाले. कडेच्या रेघा बघा ना, ती म्हणाली. आवाज चढले आणि एकदम थांबले, कारण ती सरांची बाजू लढवत होती आणि सर तिची.

सरांच्या पत्नी, काकू, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. “आता बाजू बदलून भांडणार का?” त्यांनी विचारलं. “मग मी समजूत कुणाची घालायची?”

दुसऱ्या दिवशी सर प्रयोगशाळेत आले. आधी तिनं बरणीतले मूठभर क्रिल एकत्र वाटून तपासले होते. आता दोघांनी उरलेल्यांतला एकेक वेगळा लावला. बहुतेकांत खूण नव्हतीच. मोजक्या दोघातिघांत मात्र ती ठासून भरलेली. जाळं एक, पाणी एक, लांबीही सारखीच. सरांनी हात टेकले. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना पुन्हा कळवलं, की आपलं चुकलं होतं की नाही हे आता आपल्याला सांगता येत नाही.

घरी नवऱ्यानं विचारलं, शेवटी खरं कुणाचं?

“माहीत नाही,” ती म्हणाली. आणि हे आपण या घरात याआधी कधी म्हटलं होतं का, तेही तिला आठवेना.