थोरली ओ देईना

परवा थोरलीनं ओ द्यायला जरा उशीर केला. एवढंसंच, पण मी लगेच पुन्हा हाक मारली.

मी डीव्हीडी वाचणारी लाल लेझर बोलतेय. तेलगावात उत्तरेश्वरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एका ड्राईव्हमध्ये आम्ही दोघी बहिणी राहतो. भिंग एकच. डीव्हीडी माझी, सीडी थोरलीची. तिचा प्रकाश माणसाला दिसत नाही, म्हणून तिचं कौतुकही कुणी केलं नाही.

एकेकाळी लग्नांच्या शूटिंगमुळं श्वास घ्यायला फुरसत नसायची. आता पेनड्राईव्ह आले. महिन्यातून एक-दोनदा ट्रे उघडतो नि मी दचकते.

आज कडूबाई आल्या, सोबत मुलगा बंकट. कडूबाईंच्या मानेत गाठ आहे. ती वाढली का, हे तीन वर्षांपूर्वीच्या स्कॅनशी ताडून बघायचं, मगच ऑपरेशनचं ठरणार. तो स्कॅन या एका सीडीत. उद्या अंबाजोगाईच्या दवाखान्यात पेनड्राईव्हवर न्यायचा होता.

सीडी आत आली. भिंग वरखाली हललं. टिक टिक. "अगं, तुझी आली!" मी हाक मारली. थोरली गप्प. मी माझा प्रकाश टाकून पाहिला. त्या सीडीला तो चालेना.

बंकटनं सीडी शर्टाला पुसली. पुन्हा टिक टिक.

उत्तरेश्वरनं लग्नाची डीव्हीडी लावली. मी घाबरून झरझर वाचली.

"ड्राईव्ह ठणठणीत हाय. सीडीच गेली तुमची."

माझ्या शहाणपणानंच घात केला होता!

"द्या मंग, ज्वारीत टांगतो," बंकट म्हणाला. "पाखरं तरी भितील."

"टांग. अन् शेजारी मलाबी टांग, बुजगावणं म्हणून," कडूबाई म्हणाल्या. मग थबकल्या. "पर कावून टिकटिक करीत होतं ते? लग्नाच्या टायमाला तर न्हवतं."

उत्तरेश्वरचा हात थांबला. त्यानं स्वतःची एक चांगली सीडी लावली. टिक टिक. त्यानं कान ड्राईव्हला लावला.

"थांब बे बंकट! मावशी, तुमची सीडी बरी हाय. ह्या ड्राईव्हचाच एक डोळा गेलाय."

माळ्यावरून जुना ड्राईव्ह निघाला, नुसत्या सीडी वाचणारा. आमची वायर काढून त्याला लावायची होती. आता आम्ही दोघी भंगारात जाणार, हे मला कळलं. जाऊ. फक्त थोरलीला कामचुकार म्हणू नका, बाबांनो.

वायर निघता निघता मी जीव एकवटून हाक मारली, "अगं, तुझी आली!"

सीडी शेजारच्या त्या जुन्या ड्राईव्हमध्ये गेली नि एकदाच टिक झालं.

"मावशी," उत्तरेश्वर ओरडला, "उघडली!"