रत्नाकररावांची पहिली रजा

आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही रजा घेतली नाही. सरकारी कारखान्यात तपासनीस होते. निवृत्त होताना साहेबांनी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं, हे मात्र अजून टिकटिक करतायत.

गेल्या महिन्यात आमच्या शाल्मलीचा फोन आला. ती नोकरीसाठी बोम्मसंद्र्याला राहते आणि आम्ही राजाजीनगरात, म्हणजे शहराच्या दोन टोकांना, एकाच गावात राहून परगावचे. म्हणाली, "बाबा, डिसेंबरात पाच किलोमीटरची शर्यत आहे. माझ्याबरोबर पळाल?"

हे नुसतं "हो" म्हणाले आणि गच्चीवर गेले. का गेले, ते मला कळलं. शाळेच्या क्रीडादिनाला पोरगी सहा वर्षं पळाली. दरवर्षी दोरीपाशी पोचल्यावर गर्दीत बाबांना शोधायची, आणि टाळ्या वाजवायला एकटी मीच. बाबा कुठे, तर मशीनची तपासणी!

दुसऱ्याच दिवशी पोपटी रंगाचे बूट आले. साठीच्या माणसाला शोभतात का? पण बोलायची सोय नाही. बागेत पळायला शिकवणारी चंदना आहे, तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "अंकल, तुम्ही नवे. आठवड्यातून तीनच दिवस पळायचं. मधे एकेक दिवस आराम. स्नायू आरामातच भरून येतात."

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणाले हे, आणि दुसऱ्या दिवशी पावणेसहाला पुन्हा बाहेर. घरी आले की कॅलेंडरावर तारखेखाली 'ह' लिहायचे. ह म्हणजे हजर! असे सतरा 'ह' झाले.

अठराव्या दिवशी स्वारी रिक्षातून आली. रिक्षावाला कानडीत म्हणाला, "अक्का, स्वल्प हिडकोळ्ळी," म्हणजे एका बाजूनं मी धरायचं. धरलं, दुसरं काय करणार! डॉक्टर म्हणाले, नडगीचं हाड दुखावलंय. दहा दिवस पळणं बंद, नंतर एक दिवसाआड थोडं थोडं. ऐकलंत तर शर्यतीत उतराल, नाहीतर विसरा.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी उठते तो काय, हे अंधारात बुटाची नाडी बांधतायत! चोरासारखे! माझं डोकंच फिरलं.

"अहो, लाज आहे का काही?"

"अगं, दोन दिवस गैरहजर राहिलो. अंगाला सवय लागेल."

"न सांगता घरी बसतो तो गैरहजर! अर्ज देऊन बसतो तो रजेवर! हाताखालच्यांच्या रजेच्या अर्जांवर सह्या करण्यात जन्म गेला तुमचा, एवढं कळत नाही? बसा इथे, लिहा अर्ज!"

मी रागानं बोलून गेले हो. पण ह्यांनी खरंच बूट काढले, चष्मा लावला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून रेघांच्या कागदावर लिहायला घेतलं. मी उप्पिट्टाचा रवा भाजत होते. रवा लाल झाला तरी ह्यांचं लिहिणं चालूच. शेवटी कागद आणि पेन माझ्यासमोर ठेवून हाताची घडी घालून उभे राहिले, जणू मी वरिष्ठ अधिकारी.

'प्रति, सौ. कल्पना. विषय: दहा दिवसांची रजा मिळणेबाबत. त्यानंतर दर एक दिवसाआड.'

एखादी सणसणीत शेरेबाजी करणार होते, तेवढ्यात खालची ओळ वाचली.

'कारण: मुलीची शर्यत आहे.'

हे खाली मान घालून उभे होते.

अर्ज पंचवीस वर्षं उशिरा आला होता. नियमानं फेटाळायलाच हवा होता. मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि सही केली.